हाताला साडेपाच मुठी

इजिप्तमधल्या गिझाचा सगळ्यात मोठा पिरॅमिड खुफू राजाचा; त्याचा उतार सुमारे ५१ अंश ५० मिनिटं आहे, असं कुठल्याही पुस्तकात वाचायला मिळतं. आकडा बरोबर आहे. पण ज्यांनी तो उतार दगडात उतरवला त्यांना हा आकडा सांगितला असता तर काही बोध झाला नसता. अंश ही भानगडच त्यांच्याकडे नव्हती. त्यांचा हिशेब सरळ होता: एक हात वर गेलात की साडेपाच मुठी आत या. हात म्हणजे त्यांचा शाही हात, सुमारे ५२.४ सेंटिमीटरचा. त्याच्या सात मुठी आणि एका मुठीची चार बोटं. ‘हाताला किती मुठी आत’ या मापाला ते सेकेद म्हणत.

माझी सगळी नोकरी बांधकामाच्या बिलिंगमध्ये गेली. मोजमापाचं बूक, रेट, क्वांटिटी, डिडक्शन म्हणजे वजावट, हेच जग. साइटवर मी कुणाला अंशात बोलताना ऐकलेलं नाही. गच्चीचा ढाळ फुटाला किती, रॅम्प एकास किती, भरावाचा उतार एकास दीड की एकास दोन, अशीच भाषा. गवंड्याला ‘सव्वा अंश ढाळ ठेव’ म्हणून बघा, तो आधी तुमच्या तोंडाकडे बघेल आणि मग मुकादमाकडे. त्यामुळे सेकेद वाचल्यावर पिरॅमिड माझ्यासाठी ‘जगातलं आश्चर्य’ या खात्यातून उठला आणि ‘चालू काम’ या खात्यात येऊन बसला. गूढ वगैरे फार काही उरलं नाही. कौतुक मात्र वाढलं.

हे माप टिकलं कसं, तर शाळकरी गणितांमुळे. अहमोस नावाच्या लेखनिकानं इ.स.पू. १५५० च्या सुमारास एका जुन्या प्रतीवरून उतरवून घेतलेला पपायरस (लव्हाळ्यापासून केलेला कागद) आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे, ऱ्हिंड पपायरस म्हणून. त्यातलं ५६ वं गणित असं: पाया ३६० हात, उंची २५० हात, तर सेकेद किती? पायाचा निम्मा १८०, भागिले २५०, गुणिले ७. उत्तर पाच मुठी आणि एका मुठीचा पंचविसावा भाग. खुफू या पपायरसच्या आधी हजारएक वर्षं होऊन गेला, त्यामुळे हे काही त्याच्या इंजिनिअरांचं टिपण नव्हे. पण मुठी-बोटांतला उतार त्या काळच्या पिरॅमिडांवर अगदी चपखल बसतो.

मॉस्कोत असलेल्या दुसऱ्या पपायरसमधलं १४ वं गणित तर मला माझ्याच टेबलावरचं वाटलं. टोक कापलेल्या पिरॅमिडचं घनफळ काढायचं आहे. खालची बाजू ४, वरची २, उंची ६. चाराचा वर्ग १६, चार दुणे ८, दोनाचा वर्ग ४, बेरीज २८. उंचीचा तिसरा हिस्सा २. अठ्ठावीस दुणे छप्पन्न. शेवटी शिक्षक लिहितो की बघ, छप्पन्न आलं, तुला बरोबर सापडलं. आता पुण्या-नाशकातल्या कुठल्याही इमारतीखाली उतरत्या माथ्याचं फूटिंग (कॉलमखालचा काँक्रीटचा पाया) असतं, त्याचं काँक्रीट आम्ही याच सूत्रानं काढतो: वरचं क्षेत्रफळ, खालचं क्षेत्रफळ, दोघांच्या गुणाकाराचं वर्गमूळ, बेरीज, गुणिले उंची, भागिले तीन. हजारो फूटिंगांची बिलं या सूत्रावर पास झाली आहेत आणि ते कुठून आलं हे आम्हाला कॉलेजात कुणी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्या तासाला मी जागी राहिले असते.

आता ते पाय (π) प्रकरण: वर्तुळाचा हा आकडा, साधारण बावीस सप्तमांश, पिरॅमिडात मुद्दाम दडवलाय असा दावा. खुफूच्या पिरॅमिडचा पाया ४४० हात आणि उंची २८० हात. आपल्या मापात २३०.३ मीटर आणि १४६.६ मीटर. पायाची परिमिती भागिले उंची केली की ४४ सप्तमांश येतं, म्हणजे बावीस सप्तमांशाची दुप्पट. झालं! एवढ्यावर ग्रंथ लिहिले गेले. पण साडेपाच मुठींचा उतार घेतला की हे गुणोत्तर आपोआप पडतं, मग पिरॅमिड केवढाही बांधा. खुफूचा बाप स्नेफ्रू, त्याच्या मेदूमच्या पिरॅमिडचा पाया २७५ हात, उंची १७५ हात. तिथेही तेच येतं. मुठीत माप धरणाऱ्या माणसाच्या हातून बावीस सप्तमांश सांडला, एवढंच.

या आकड्यांच्या वेडात भली भली माणसं सापडली. स्कॉटलंडचा राजज्योतिर्विद चार्ल्स पियाझी स्मिथ १८६५ मध्ये गिझाला जाऊन मोजमापं घेऊन आला आणि त्यातून त्यानं ‘पिरॅमिड इंच’ नावाचं एक दैवी माप काढलं. असे पंचवीस इंच म्हणजे एक हात, आणि पायाची बाजू अशा ३६५.२४ हातांची, म्हणजे वर्षाचे दिवस. विल्यम पेट्री नावाचा एक इंजिनिअर या सिद्धांतावर बेहद्द खूश होता. त्याचा मुलगा फ्लिंडर्स १८८० च्या अखेरीस तो पडताळून पाहायला गिझाला गेला, खडकातल्या एका जुन्या थडग्यात राहिला आणि दोन हंगाम मोजत बसला. उन्हाळ्यात बाहेरचं काम तो बनियन आणि आतल्या चड्डीवर करी, आणि ते कपडे गुलाबी असले की पर्यटक जवळ फिरकत नाहीत असं त्यानं लिहून ठेवलं आहे. (साइटवर मोजमाप घेताना चौकशा करणाऱ्यांचा त्रास ज्यांनी सोसला आहे त्यांना या उपायाचं मोल कळेल.) पेट्रीनं पाया मोजला तो सिद्धांताला हवा होता त्यापेक्षा आखूडच भरला. त्यानं तो तसाच छापला, १८८३ मध्ये. वडिलांना काय वाटलं असेल ते असो. आणखी एक गोष्ट तो सांगतो: राजाच्या दालनाआधीच्या छोट्या खोलीत ग्रॅनाइटवर एक उंचवटा आहे, तो सिद्धांतातल्या मापात बसावा म्हणून एक भक्त कानस घेऊन तो घासायच्या बेतात असलेला पेट्रीला सापडला. मोजमाप जुळत नाही म्हणून कामच घासायचं! अशी माणसं मीही पाहिली आहेत, फक्त ती कानशीऐवजी खोडरबर वापरत.

गिझाबद्दल बोलायचंच आहे, पण माझा जीव अडकला तो दहशूरला. गिझाच्या दक्षिणेला, मोटारीनं तासाभराच्या आत. तिथे स्नेफ्रूचे दोन पिरॅमिड आहेत, एक वाकडा आणि एक लाल. गर्दी नसते. उंटवाले असतात, पण तेही जरा निवांत.

वाकड्या पिरॅमिडकडे लांबून बघितलं की खांदे पाडून बसलेल्या माणसासारखा दिसतो. खालचा उतार हाताला पाच मुठी, म्हणजे सुमारे साडेचौपन्न अंश, आणि ४७ मीटरांच्या आसपास तो एकदम मोडतो आणि वर ४३ अंशांच्या आसपास होतो, हाताला साधारण साडेसात मुठी. पाया १८९ मीटर, उंची १०५. आमचा गाइड ‘बिग मिस्टेक, मॅडम’ म्हणाला आणि फोटोची जागा दाखवायला लागला. मला ते मान्य नव्हतं, कारण मी दगडांच्या बैठकीकडे बघत होते.

बाहेरचा गुळगुळीत दर्शनी दगड या पिरॅमिडवर अजून बराचसा शाबूत आहे. इतर कुठल्याही पिरॅमिडवर इतका उरलेला नाही. पण खालच्या कोपऱ्यांत तो उचकटून नेलेला आहे, आणि तिथे छेद घेऊन ठेवावा तसं सगळं उघडं पडतं. खालच्या भागातले दगड सपाट बसवलेलेच नाहीत. थर आतल्या बाजूला कलते टाकले आहेत, सगळा भार मध्याकडे झुकेल असे. पायऱ्यांच्या पिरॅमिडांपासून चालत आलेली ती जुनी रीत. दोन दर्शनी दगडांच्या सांध्यावरून नख फिरवलं तर ते अडकतं न अडकतं. आणि एवढं नेटकं काम ज्याच्यावर उभं आहे तो पाया मात्र खडकाचा नाही. खाली वाळू, गोटे आणि चिकणमाती आहे. आतल्या दालनांना तडे गेले. ते गिलाव्यानं बुजवलेले आहेत, आणि एका दालनात लेबनॉनहून आणलेल्या देवदाराचे ओंडके आडवे ठोकलेले आहेत. अभ्यासकांचं म्हणणं असं की सुरुवातीला उतार याहूनही उभा होता, साठ अंशांच्या आसपास. तडे दिसल्यावर चहूबाजूंनी दगडाचं एक जाड कडं वाढवलं, पाया रुंद केला, उतार कमी केला. तरी भागेना, तेव्हा ४७ मीटरांवर तो पुन्हा मोडला. आणि त्याच जागेपासून वर थर आडवे, सपाट टाकायला सुरुवात केली.

हॉटेलवर आल्यावर मी हिशेब मांडला. साडेचौपन्न अंशांनीच वर गेले असते तर उंची १३० मीटरांच्या वर गेली असती. उतार मोडल्यामुळे वळणाच्या वरचं दगडकाम जवळजवळ एक तृतीयांशानं कमी झालं. खाली जमीन दबते आहे, काम निम्म्याच्या पुढे गेलं आहे, राजाला उत्तर द्यायचं आहे. अशा वेळी भार उतरवायचा आणि थरांची रीत बदलायची, हा निर्णय घेणारा माणूस मला भेटायला आवडला असता. याला मिस्टेक कसं म्हणायचं? ही तर रिव्हाइज्ड ड्रॉइंग! आमच्याकडे आर-वन, आर-टू, आर-थ्री असे शिक्के बसतात आणि इमारत पुरी झाल्यावर कुणाला पत्ताही लागत नाही. इथे आर-थ्री उघड्या आकाशाखाली आहे, दोन मैलांवरून दिसतो.

त्याच राजानं मग उत्तरेला नवीन काम काढलं, आणि यावेळी पहिल्या थरापासून ४३ अंशांच्या आसपासचाच उतार धरला. तो लाल पिरॅमिड. पाया २२० मीटर, उंची पुन्हा १०५. आत जायचं तर आधी बाहेरून २८ मीटर चढायचं, आणि मग साठेक मीटर लांबीच्या, मीटरभरही उंच नसलेल्या तिरक्या बोळातून कंबरेत मोडून खाली उतरायचं. फळ्यांवर आडव्या पट्ट्या ठोकलेल्या आहेत, त्यांवर पाय अडकवत. खाली अमोनियाचा उग्र दर्प. गुडघे पुढे बरेच दिवस बोलत होते. पण खालच्या दालनात उभं राहून वर बघितलं की बोळाचा राग जातो. दोन्ही भिंतींचे थर एकेक करत थोडे थोडे पुढे सरकत वर बारा मीटरांवर एकमेकांना भेटतात. कमान नाही, तुळई नाही, डोक्यावर शंभर मीटरांच्या पिरॅमिडचं ओझं, आणि साडेचार हजार वर्षांत एक दगड हललेला नाही. वाकड्यानं जे शिकवलं ते इथे वापरलेलं दिसतं.

स्नेफ्रूच्या तीन मोठ्या पिरॅमिडांचं दगडकाम मी एकत्र मोजलं. सुमारे पस्तीस लाख घनमीटर भरलं. मुलाचा जगप्रसिद्ध पिरॅमिड सव्वीस लाख. बापाचं नाव कुणी घेत नाही.

मुलानं मात्र बापाच्या कामाचा नीट अभ्यास केलेला असावा. खुफूनं उतार पुन्हा उभा घेतला, मेदूमचा साडेपाच मुठींचा; पण जागा निवडली गिझाच्या चुनखडीच्या पठाराची, पक्क्या खडकाची, आणि थर पहिल्यापासून आडवे. खडकाचा मधला उंचवटा त्यानं तोडला नाही, पिरॅमिडच्या पोटात तसाच ठेवला. त्यात दगड वाचला. (या उंचवट्याचं डिडक्शन करायचं तर त्याचं माप कसं घेणार, असा प्रश्न मला पडलाच. तेवीस लाख दगड हा आकडा म्हणूनच अंदाजाचा.) पण या उंचवट्यामुळे एक मोठी पंचाईत होते, आणि साइटवर लाइनआउट, म्हणजे पायाची जमिनीवर आखणी, केलेल्या कुणालाही ती लगेच समजेल. चौकोन मारला की आपण पहिल्यांदा काय करतो? कर्ण मोजतो. दोन्ही कर्ण सारखे आले की चौकोन गुण्यात, म्हणजे काटकोनात. इथे मध्ये टेकाड, कर्णाची दोरी ताणणारच कशी? तरीही कोपरे काटकोनाला अगदी काही मिनिटांच्या फरकानं बसले आहेत, दोनशे तीस मीटरांच्या बाजूंत फरक आहे तो वीतभराच्या आत, पायाचा चौथरा दोनेक सेंटिमीटरांत लेव्हल आहे, आणि बाजू खऱ्या उत्तरेपासून अंशाच्या पंधराव्या भागापेक्षा जास्त ढळलेल्या नाहीत. हत्यारं म्हणाल तर दोरी, खुंट्या, ओळंबा आणि लाकडी गुण्या. लेव्हलसाठी इंग्रजी ए अक्षरासारखी चौकट, तिच्या मधोमध ओळंबा लोंबता. तो आडव्या पट्टीवरच्या खुणेवर आला की लेव्हल. अशी चौकट नंतरच्या काळातल्या सेन्नेद्जेम नावाच्या कारागिराच्या थडग्यात मिळाली आहे.

‘दोन दगडांत ब्लेडही जात नाही’ हा मेसेज आपल्या सगळ्यांना आलेला आहे. तो अर्धाच खरा आहे. दर्शनी दगडांच्या सांध्यांत पेट्रीला सरासरी अर्ध्या मिलिमीटरची फट मिळाली, तीही चुन्यासारख्या लेपानं भरलेली. हे दगड नाईलच्या पलीकडच्या तुराच्या खाणीतले, पांढरे शुभ्र. पण ते होतं बाहेरचं साल. पुढे मध्ययुगात ते सोलून काढून कैरोच्या इमारतींना वापरलं गेलं, आणि आज दिसतो तो आतला गाभा. तिथे ब्लेड सोडा, हात जाईल अशा फटी आहेत, वेडेवाकडे दगड, मध्ये खापऱ्या आणि गिलावा भरलेला. थरांची उंचीही एकसारखी नाही. पहिला थर दीड मीटरचा, वर जाताना पातळ होत जातात आणि मध्येच एकदम पुन्हा जाड येतो, खाणीत जसा पट्टा लागला तसा. मला यात त्या लोकांचं शहाणपण दिसतं. जिथे नजर जाणार तिथे अर्धा मिलिमीटर, जिथे जाणार नाही तिथे भरणी. रेट वेगळा, स्पेसिफिकेशन वेगळं. सगळं काम एकाच दर्जानं करतो म्हणणाऱ्या कंत्राटदारावर माझा कधीच विश्वास बसला नाही.

आणि दगड वर कसे चढवले? यावर लोक हमरीतुमरीवर येतात. आधी घनफळ तर बघा. पिरॅमिडच्या खालच्या एक तृतीयांश उंचीत सत्तर टक्के दगडकाम संपतं. वरच्या एक तृतीयांशात उरतात चार टक्क्यांहूनही कमी. म्हणजे पन्नास मीटरांपर्यंतच्या रॅम्पनं कामाचा मोठा हिस्सा उरकतो. वरचं टोक अवघड खरं, पण तिथे दगडच थोडे. रॅम्प सरळ होता की भोवतीनं वळत गेला, यावर मतं वेगवेगळी आहेत. खुफूच्याच काळातला एक उभा रॅम्प २०१८ मध्ये हातनूबच्या खाणीत सापडल्याचं जाहीर झालं, दोन्ही अंगांना पायऱ्या आणि खांबांची भोकं असलेला. खांबाला दोर वळसा घालून दगड ओढत असावेत. वाळूवरून घसरगाडी ओढताना पुढे पाणी ओतणारा माणूस तर एका थडग्याच्या चित्रात साक्षात उभा आहे, आणि वाळू नेमकी ओली केली तर ओढण्याचं बळ निम्म्यावर येतं हे २०१४ मध्ये ॲम्स्टरडॅमला प्रयोगशाळेत करून पाहिलं आहे. खरा पेच राजाच्या दालनावरच्या ग्रॅनाइटच्या तुळयांचा. आस्वानहून नदीनं आठशे किलोमीटर आणलेल्या, एकेक पन्नास टनांच्या घरातल्या. त्यांच्यापुढे माझा हिशेबही हात टेकतो.

मजुरांचं म्हणाल तर ग्रीक इतिहासकार हेरोडोटस एक लाख सांगतो, तीन-तीन महिन्यांच्या पाळीनं, वीस वर्षं. तोच पुढे सांगतो की मजुरांना घातलेल्या मुळ्या, कांदे आणि लसणाचा खर्च पिरॅमिडवर कोरला होता, सोळाशे टॅलंट (जुनं ग्रीक वजन) चांदी. दुभाष्यानं त्याला वाचून दाखवलं म्हणे. खुफूनंतर दोन हजार वर्षांनी गेलेल्या परदेशी पाहुण्याला दुभाष्यानं काहीही वाचून दाखवलं असेल, पण ‘कांदा-लसूण’ हा खर्चाचा हेड माझ्या फार ओळखीचा निघाला. आजचे अभ्यासक आकडा वीस-पंचवीस हजारांच्या आसपास आणतात. त्यांची वस्ती, भट्ट्या, थडगी सापडली आहेत. हाडं मोडून पुन्हा नीट जुळलेली दिसतात, म्हणजे कुणीतरी फळ्या बांधून उपचार केलेले. गुलाम होते ही समजूत आता मागे पडली आहे. आपापल्या टोळ्यांची नावं ते तांबड्या रंगानं दगडांवर लिहून ठेवत, ‘खुफूचे मित्र’ असली. वीस वर्षं एकही सुट्टी न धरता भाग दिला तर रोज साडेतीनशे घनमीटर दगडकाम पडतं. हे आकडे मी दोनदा तपासले, बिलिंगची सवय.

या सगळ्यांत मला सगळ्यात जवळचा वाटतो तो मेरेर. २०१३ मध्ये तांबड्या समुद्राच्या काठी वादी अल-जर्फ इथे पिएर ताले यांच्या चमूला पपायरसचे तुकडे सापडले, लिहिलेल्या पपायरसांपैकी जगातले सर्वांत जुने. त्यात या मेरेरची रोजनिशी आहे. हुद्दा निरीक्षक, हाताखाली चाळीसेक माणसं, काम तुराहून पांढरा दगड होडीनं गिझाला पोचवणं. खुफूच्या कारकिर्दीचं सव्वीस-सत्ताविसावं वर्ष. नोंदी आमच्या डेली रिपोर्टसारख्या कोरड्या: २५ तारीख, मेरेरनं आपल्या टोळीसह दक्षिण तुरात दगड ओढण्यात दिवस घालवला, रात्री मुक्काम दक्षिण तुरा. २६ तारीख, दगड भरून निघाले, मुक्काम खुफूच्या तळ्यावर. २७ तारीख, तिथून पिरॅमिडला, मुक्काम तिथेच. २८ तारीख, सकाळी परत तुराकडे. २९ तारीख, पुन्हा दगड. दहा दिवसांत दोन-तीन फेऱ्या. वरचा साहेब अनखहाफ, खुद्द राजाचा सावत्र भाऊ. बरोबर धान्याचे, पावाचे हिशेब. किती यायचं होतं, किती आलं, बाकी किती.

दगड वर कसे चढवले हे मेरेर एका अक्षरानंही सांगत नाही. त्याच्या टोळीनं माल धक्क्यावर उतरवला की त्याची नोंद संपते. पुढचं काम दुसऱ्या गँगचं होतं, आणि तिचा रजिस्टर अजून कुणाला सापडलेला नाही.